चाऱ्याची गाडी रिकामी परत पाठवू नका

वाघोलीत गोठा चालवणाऱ्याला लोक दोनच गोष्टी विचारतात : दूध किती निघतं आणि जागेला भाव काय आला. शेणाचं काय करता, हे सहज म्हणून कुणी विचारत नाही. विचारायला येतात ते तक्रार घेऊनच येतात.

२०२१च्या जूनअखेरीस २३ गावं पुणे महापालिकेत गेली, त्यात वाघोली होतं. पण गावाचं शहर होणं त्याच्या कितीतरी आधीपासून सुरू होतं. नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांनी, बकोरीच्या वाटेला, आव्हाळवाडीकडे, केसनंद फाट्याला इमारती उठल्या. ज्वारी-बाजरीची रानं गेली, दगडाच्या खाणी पसरल्या. गोठे मात्र राहिले, कारण दूध घेणारी माणसं उलट वाढली. म्हणजे जनावर गावात आणि त्याचं रान दुसऱ्या तालुक्यात, अशी आमची गत आहे. अशा जागी गोठा सांभाळताना शेणाबद्दल जे कळलं, ते क्रमाने लिहितो.

१. आधी शेण मोजा, मग जमीन

मोठं जनावर दिवसाला १५ ते २० किलो शेण टाकतं. भरपूर ओली वैरण खाणारी म्हैस त्याहून जास्त. दहा जनावरं धरली तर रोजचे १५० ते २०० किलो, वर्षाचे ५५ ते ७० टन. ताज्या शेणात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे नीट कुजवलं की ते निम्म्याच्या खाली येतं. तरी २५-३० टन खत हातात उरतं. एकरी पाच टन शेणखत घाला, असं कृषी खातं सांगत आलंय. हिशेब सरळ आहे : दहा जनावरांच्या खताला पाच-सहा एकर रान लागतं, आणि तेही दरवर्षी.

आजोबांच्या काळात खत कधीच पुरत नसे. उकिरडा केवढा आहे, यावरून घरची ऐपत कळायची. मुलगी द्यायला आलेले पाहुणे आधी त्याच्याकडे नजर टाकायचे. आज उकिरडा तेवढाच आहे, पण भोवतीचं रान गुंठ्यांत विकलं गेलंय. शेण तेच, गुणही तेच. त्याला जायला जागा उरली नाही, म्हणून त्याची घाण झाली. पुढचं सगळं या एका गोष्टीतून निघतं.

२. चाऱ्याची गाडी रिकामी परत पाठवू नका

आमची वैरण येते शिरूर-दौंडकडून. मका, हत्तीघास, कडबा, उसाचे वाढे. वैरणीबरोबर तिकडच्या मातीतलं नत्र, स्फुरद, पालाशही गाडीत बसून येतं. त्यातलं थोडं दुधात जातं, बाकी बहुतेक शेण-मूत्रात उतरतं. गाडी रिकामी परतली की शिरूरचं रान रोड होतं आणि वाघोलीचा ओढा काळा पडतो. दोन्हीकडे तोटा.

म्हणून वैरणीचा भाव ठरवतानाच परतीच्या खताचं बोलून घ्यावं. अडचण येते ती हौद्याची. आमच्याकडे येणाऱ्या ड्रायव्हरचं म्हणणं अगदी रास्त होतं : "मामा, उद्या ह्याच हौद्यात वैरण भरायचीय. शेणाचा वास लागल्यावर जनावर तोंड लावंल का त्याला?" तोड गोठ्यातच होती. सरकी पेंडीच्या रिकाम्या गोण्या ढिगाने पडलेल्या असतात. कुजलेलं, सुकलेलं खत त्यांत भरून तोंड सुतळीने शिवलं की हौदाही घाण होत नाही आणि उतरवून घेणाऱ्यालाही मोजता येतं. गोण्या पुढच्या खेपेला परत येतात.

मात्र ओलं शेण वाहू नका. एक टन चांगल्या शेणखतात नत्र साधारण पाच किलो असतं. म्हणजे नत्रापुरतं बोलायचं तर युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीला चार टन खत लागतं. त्यात वर शेणातलं पाणी वाहत बसलो तर डिझेलचाच खर्च निघणार नाही. घेणारा शेतकरी नत्रासाठी खत घेतही नाही. त्याला हवा असतो सेंद्रिय कर्ब. उसाच्या रानात वर्षानुवर्षं पाणी आणि रासायनिक खत ओतून जमीन दगड झाली, की त्याची किंमत कळते.

हे दुखणं एकट्या वाघोलीचं नाही. नेदरलँड्समध्ये जनावरांसाठी ब्राझीलहून सोयाबीन येतं, शेण मात्र तिथेच साठतं. युरोपात १९९१पासून कायदा आहे : जनावरांच्या खतातून हेक्टरी १७० किलोच्या वर नत्र घालायचं नाही. डच शेतकऱ्यांना त्यात बरीच वर्षं सवलत होती, ती टप्प्याटप्प्याने काढून घ्यायचं २०२२मध्ये ठरलं. २०१९मध्ये नत्राच्या नियमांवरून ते ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले होते. ब्राझील इतकं लांब, की चाऱ्याच्या बोटीतून खत परत पाठवता येत नाही. शिरूर तासाभरावर आहे. आपली गाठ त्या मानाने सोपी आहे.

३. आधी फावडं, मग पाणी

पाइप सोडून गोठा धुणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात महाग मार्ग. शेण घट्ट असेपर्यंत ते खत असतं. त्यात पाणी मिसळलं की ते सांडपाणी होतं. घट्ट शेण पाटीत भरता येतं, पातळ शेणाला वाट फुटेल तिकडे ते जातं. वाघोलीत तर टँकरचं पाणी विकत घ्यायचं आणि त्याच पाण्याने आपलं खत गटारात सोडायचं, असा दुहेरी तोटा.

सकाळ-संध्याकाळ दुधाआधी फावड्याने शेण ओढून घ्यायचं, खराट्याने झाडायचं आणि मग बादलीभर पाणी मारायचं. फरशीला मागच्या बाजूला उतार हवा, उताराच्या टोकाला नाली आणि नालीच्या टोकाला गाळ बसायला छोटी टाकी. टाकीतलं वरचं पाणी हत्तीघासाच्या तुकड्याला किंवा केळीच्या चार खुंटांना सोडावं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२०मध्ये डेअऱ्या आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शेण नाल्यात, गटारात सोडू नका, पाणी बेताने वापरा, शेणाचं खत किंवा गॅस करा, हेच त्यांचं सार आहे. फावडं ज्याच्या हातात आहे, त्याला त्यात नवं काही वाटणार नाही.

४. डोळे चुरचुरले, तर पैसे उडून चाललेत असं समजा

जनावराच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या नत्रातलं जवळपास निम्मं मूत्रातून जातं. आपण मात्र शेण जपतो आणि मूत्र सोडून देतो. मूत्र फरशीवर शेणात मिसळून पडलं, की त्यातल्या युरियाचा अमोनिया होतो आणि हवेत उडतो. पहाटे बंद गोठ्यात शिरल्यावर डोळ्यांना झोंबतो तो हाच. जनावरांच्या छातीलाही तो वाईट. तो शहराच्या हवेत गेला की बारीक धूलिकण तयार व्हायला हातभार लावतो.

उपाय जुनाच आहे : मूत्र शोषून घेईल असं काहीतरी खाली अंथरायचं. गव्हाणीतली उरलेली वैरण, उसाचं पाचट, वाळलेला पाला, नाहीच काही तर कोरडी माती. ओलं झालं की ते उचलून थेट खताच्या ढिगावर. मुक्त गोठा केलेल्यांना हे आपसूक साधतं. जनावरं मोकळी फिरतात, शेण-मूत्र मातीत मुरतं, खुरांनी तुडवलं जाऊन सुकतं आणि काही महिन्यांनी एकदम उचलता येतं. पण मुक्त गोठ्याला जागा लागते. ज्याच्याकडे आहे त्याने जरूर करावा.

५. मृगाच्या आत ढीग झाका

उघड्या उकिरड्यावर पाऊस पडला की खालून चहासारखं काळं पाणी निघतं. आपण आठ महिने जमवलेलं खत त्यातून चार महिन्यांत वाहून जातं. वाघोलीच्या बाजूला मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. कातळाला भेगा असतात. वरचं पाणी त्या भेगांतून विहिरीत, बोअरमध्ये उतरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, असं भारतीय मानक सांगतं. त्यापुढचं पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात गेलं, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. आणि नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्यामुळे गोठ्याजवळची बोअर असेल तर पाणी तपासून घ्यावंच.

बंद पडलेल्या खाणींचे खड्डे आमच्याकडे जागोजाग आहेत. फुकटात ट्रॉली रिकामी करायचा मोह तिथे होतो. पण खाण म्हणजे उघडा कातळ. तिथे टाकलेलं शेण जमिनीखालच्या पाण्यातच टाकल्यासारखं आहे. मुळा-मुठेतली जलपर्णी मुख्यतः शहराच्या सांडपाण्यावर पोसते, हे मान्य. पण म्हणून आपलं शेण ओढ्याला सोडायची मुभा मिळत नाही.

ढीग उंचवट्यावर घ्या, विहिरीपासून लांब. तळाला मुरूम ठोकून घ्या किंवा कोबा करा. भोवती वीतभर उंचीचा बांध घाला. वर पत्रा परवडला तर उत्तम, नाहीतर जाड ताडपत्री, वाऱ्याने उडू नये म्हणून कडेने दगड. हे काम वळवाच्या आधी व्हायला हवं. पहिल्या सरीनंतर धावपळ करून उपयोग नाही.

६. माशीचं वेळापत्रक पाठ करा

उन्हाळ्यात घरमाशीच्या अंड्यापासून उडती माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून ओलं शेण एका जागी आठवडाभर राहू द्यायचं नाही. आठवड्याच्या आत ते उचललं किंवा उलथलं, की अळ्या माशी होण्याआधीच मरतात. फवारणीपेक्षा हा खात्रीचा इलाज, आणि याला खर्च नाही.

माश्या मोठ्या ढिगात कमी होतात, कडेला जास्त. गव्हाणीच्या खाली, पाण्याच्या हौदामागे, दाराच्या उंबऱ्याशी जे ओलं सांदीकोपऱ्यात चिकटून राहतं, तिथे त्यांचं घर. चार गावठी कोंबड्या सोडल्या तर त्या उकरून उकरून अळ्या टिपतात.

७. ढीग तापला पाहिजे

खत कुजलं की नाही, हे रंगावरून ओळखू नका. लांब लोखंडी सळई ढिगाच्या पोटात खुपसा आणि पाचेक मिनिटांनी ओढून काढा. टोक हातात धरवत नसेल तर काम नीट चाललंय. ५५ अंशांच्या वर काही दिवस राहिलं, की रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. थंडीच्या दिवसांत सकाळी असा ढीग फोडला तर आतून वाफ निघते आणि राखेसारखी पांढरी बुरशी दिसते. ती पाहून घाबरू नका. ते चांगलं लक्षण आहे. सळई कोमट आली तर ढीग खूप ओला झालाय किंवा दबून हवा बंद झालीय. वरखाली करा, कोरडा पाला मिसळा.

कच्चं खत रानात गेलं की त्याबरोबर तण जातं आणि अळ्याही जातात. उसाच्या पट्ट्यात हुमणीने किती नुकसान होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. खत घेणारा शेतकरी आपल्यासमोर मूठभर खत हातावर पसरून बघतो. त्यात पांढरी, वाकडी, जाड अळी दिसली की पुढच्या वर्षी तो आपल्याकडे येत नाही.

कोरडा पाला वाघोलीत कुठून आणायचा? सोसायट्यांतून. पुसदच्या नारायण पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाकांनी जी पद्धत बसवली, तिच्यात दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असं जाळीदार विटांचं टाकं बांधायचं. त्यात शेण लागतं फक्त शंभर किलोच्या आसपास. बाकी पालापाचोळा आणि माती. तीन-चार महिन्यांत अडीच-तीन टन खत तयार. म्हणजे गोठ्यात शेण जास्त आणि पाला कमी, सोसायटीत पाला जास्त आणि शेण अजिबात नाही. दोघांची गरज एकमेकांशी जुळते.

शेजारच्या सोसायटीतल्या एक ताई वासाची तक्रार घेऊन आल्या होत्या. त्यांना ढीग दाखवला, सळई हातात दिली. "काका, एवढं गरम?" म्हणाल्या. मग बोलणं तक्रारीवरून त्यांच्या बागेतल्या पाल्यावर गेलं. आता पाल्याची पोती इकडे येतात आणि त्यांच्या कुंड्यांना खत तिकडे जातं. वास पूर्ण गेलाय असं नाही, पण तो कशाचा आहे हे त्यांना माहीत आहे. माहीत असलेल्या वासाची तक्रार आधी गोठ्यात येते, थेट वॉर्ड ऑफिसात जात नाही.

८. गोबरगॅसने शेण संपत नाही

गोबरगॅस जरूर करा, पण शेणाची कटकट मिटेल म्हणून नको. दोन घनमीटरच्या संयंत्रात रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी घालावं लागतं. त्यावर चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो. शेण आत साधारण ४० दिवस राहतं आणि जेवढा काला आत गेला, जवळपास तेवढीच स्लरी बाहेर येते. घरची जमीन असेल तर ती सोनं आहे. नसेल तर आधी शेण घट्ट होतं, आता पातळ झालं, एवढाच फरक. म्हणून स्लरी मुरवायला पाचटाचा किंवा पाल्याचा खड्डा आधी तयार ठेवा.

खादी आयोगाचं वर-खाली होणाऱ्या लोखंडी टाकीचं असो की १९८४मध्ये आलेलं घुमटाचं दीनबंधू असो, दोन्ही चालतात. घुमटाला गंजायला काही नाही, पण गवंडी जाणता हवा. थंडीत गॅस कमी पडतो, तेव्हा सिलिंडर काढून टाकू नका.

पर्यावरणासाठी खरा फायदा मिथेनचा आहे. ओल्या, दबलेल्या ढिगातून मिथेन निघतो. तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७ पटींहून अधिक तापवतो. चुलीवर जाळला की ती ताकद जाते. पण नळी गळकी असली तर उलटच होतं. साबणाचं पाणी लावून सांधे अधूनमधून तपासा.

९. शेणाच्या खड्ड्यात कुणी उतरायचं नाही

एप्रिल २०२४मध्ये नगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात, वाकडी गावी, शेण साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा. असे पाच जण गेले. कुजत्या शेणातून निघणारा वायू खड्ड्यात साचून राहतो आणि माणूस दोन श्वासांत कोसळतो. हायड्रोजन सल्फाइडला सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकाला तो कळेनासा होतो. वास गेला म्हणजे धोका टळला, असं धरून चालू नका.

खड्ड्याला जाळी बसवा. दोरी कायम हाताशी ठेवा. कुणी पडलंच तर अग्निशमन दलाला १०१वर फोन करा. आपण उतरायचं नाही. हे गड्याला, घरच्या पोरांना आणि पाहुण्यांनाही सांगून ठेवा.

१०. धनगराकडे बघा

नगर रस्त्याने अजूनही मेंढ्यांचे कळप जाताना दिसतात. सुगी झाली की शेतकरी धनगराला बोलावतो आणि रानात मेंढ्या बसवतो. वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या आत कळप रात्रभर बसतो, लेंडी-मूत्र जिथल्या तिथे पडतं आणि दुसऱ्या रात्री वाघर पुढे सरकते. त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. ट्रॉली नाही, डिझेल नाही, ढीग नाही. खत स्वतःच्या पायांनी रानात चालत जातं.

म्हशी अशा फिरवता येत नाहीत. पण धनगराला एक गोष्ट कधीच विसरता येत नाही : जनावर आणि रान यांचा करार. रान नसेल तिथे तो कळप थांबवत नाही.

११. म्हैस घ्यायच्या आधी एक फोन करा

गोठ्यात म्हैस वाढवायची ठरली की आपण दुधाचा भाव बघतो, पेंडीचा भाव बघतो, बँकेचा हप्ता बघतो. त्यात एक ओळ वाढवा : हिचं वर्षाचं सहा-सात टन शेण कुणाच्या रानात जाणार? उत्तर नावानिशी आलं पाहिजे. कुणीतरी नेईल, हे उत्तर धरू नका. होळीला गोवऱ्यांना भाव येतो खरा, पण तो आठ दिवसांचा, आणि जाळलेल्या गोवरीतलं नत्र धुरातच जातं.

वाघोलीत खत पसरायला म्हणून कुणी आता जमीन घेणार नाही. त्यामुळे इथला गोठा टिकायचा असेल तर तो दुसऱ्या गावच्या रानाशी बांधलेला असला पाहिजे. तिकडून वैरण, इकडून खत, आणि दोन्हीचा हिशेब एकाच वहीत. व्यापाऱ्याशी म्हशीचा सौदा तोडायच्या आधी वैरण देणाऱ्याला फोन करून विचारा, आणखी दोन-तीन टन खत घेता का. तो नाही म्हणाला तर सौदा थांबवा आणि आधी घेणारा शोधा.